मापाचा जुना कपडा

३ मार्च, सोमवार

तोंडात टाचण्या होत्या म्हणून 'नाही' म्हणता आलं नाही. एवढंच झालं. नाहीतर मी काही कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही!

दुपारी समोरची बटणवाली कोटाची बटणं घेऊन आली. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाचा खांदा बसवत होते, ओठांत सात-आठ टाचण्या. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी. टेबल धरलं. तिनं पाहिलंच. "पुन्हा पाळी? कितवा दिवस?" मी बोटं दाखवली – आठ. तर त्या बयेनं माझ्याच दुकानातला माझाच फोन उचलला आणि नंबर फिरवला. "हो, बायकांच्या डॉक्टरांकडेच. पहिल्यांदा येतेय. वय अडतीस. नाही, लग्न नाही. मंगळवार, अठरा तारीख, दहा वाजता? चालेल!"

मी "ऊं! ऊं!" करतेय, हात हलवतेय. ती फोनमध्ये म्हणते कशी – "खूश आहे हो ती."

टाचण्या काढेपर्यंत फोन ठेवून झाला होता.

४ मार्च, मंगळवार

चौदा दिवस.

खरं तर हसायला हवं मला माझंच. दिवसभर बायकांच्या छात्या, कंबरा, दंड मोजते. पडदा ओढला की पहिलं वाक्य ठरलेलं – "लाजू नका हो, शिंपिणीपुढे कसली लाज!" आणि स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अडतीस वर्षांत त्या दाराची पायरी चढले नाही. 'लग्न नाही, मूल नाही, तिकडे काय काम?' हे आईचं वाक्य. मलाही सोयीचं होतं, म्हणून मीही तेच म्हणत आले.

आईला अजून सांगितलं नाही.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं. आई कोपऱ्यातल्या तिच्या स्टुलावर, तिच्या मऊ उशीवर बसून काजं करत होती. सुई थांबली नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली. तिचं आवडतं. पाऊस आला तरी हेच, पाहुणे आले तरी हेच.

मग एक काज पुरं करून – "डॉक्टर बाई आहे की बाप्या?"

"बाई."

"हं."

आणखी दोन काजं झाल्यावर – "दिवा लावतात का तिथे? मोठा?"

मी म्हटलं, अगं, मला काय माहीत, मी कुठे गेलेय! तर नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं तोंड केलं नि म्हणाली, "सहज विचारलं." आईचं सहज म्हणजे काय, ते आईच जाणे.

७ मार्च, शुक्रवार

बटणवाली सांगते की डॉक्टर तारखा विचारणार. "शेवटची पाळी कधी, त्याआधीची कधी, किती दिवस, सगळं लिहून ने. तिथे गेल्यावर आपण स्वतःचं नावसुद्धा विसरतो."

तारखा! मला तारखा अशा लक्षात असतात – शाळेच्या बँडचे कोट दिले तो दिवस. जुळ्या बहिणींचे झगे बिघडले तो दिवस. म्हणून ऑर्डरबुक काढलं आणि आठवत बसले.

बसले आणि थंडच पडले. प्रत्येक ऑर्डरीपुढे मी दोनच शब्द लिहिते – 'दिलं' किंवा 'उशीर'. मला वाटायचं, उशीर असाच होतो, अधूनमधून, कामच फार. पण तसं नाही! उशीर झुंडीनं आहेत. आठ-नऊ दिवस नुसते उशीर. मग बारा दिवस सगळं वेळेवर. पुन्हा आठ-नऊ दिवस उशीर. वर्षभर हेच. ज्या दिवसांत मी पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून आडवी असते, ते सगळे दिवस माझ्याच अक्षरात नोंदलेले. दर वीस दिवसांनी.

महिन्यातले किती दिवस मी कोरडी असते, ते मोजलं. मोजायला नको होतं.

९ मार्च, रविवार

इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. पोटात काहीतरी आहे. बेंबीखाली. सकाळी उठण्याआधी उताणं पडून दाबलं की कठीण लागतं. स्कर्टची कंबर वर्षात दोनदा सैल केली. खाणं तेवढंच, दंड तेवढेच, मांड्या तेवढ्याच, फक्त पोट. दुसऱ्या कुणाचं माप असं बदललं असतं तर मी तेव्हाच विचारलं असतं. माझं मी टेपनं घेतलं, खडूनं खूण केली, उसवलं, शिवलं, गप्प बसले.

गाठ असेल. चांगली की वाईट, हा प्रश्न आहे. तो मला विचारायचा नाहीये, म्हणून तर जायचं नाहीये. लिहिलं एकदाचं!

१० मार्च, सोमवार

आज बटणवालीनं तिथल्या गाऊनचं वर्णन केलं. तिला तीन मुलं, त्यामुळे ती स्वतःला निम्मी डॉक्टर समजते. "मागून सगळा उघडा. दोन नाड्या, त्यातली एक तुटलेली. सगळ्यांना एकच माप – म्हणजे कुणालाच नाही. मागून वारा, पुढून लाज!" असं म्हणून माझ्या दुकानात मागे हात धरून चालून दाखवलं. मुख्याध्यापिकाबाई कोट घ्यायला आल्या होत्या, त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. त्यांनीही मग त्यांची एक हकिगत सांगितली. शाळेत त्यांना पाहिलं की पोरं भिंतीला चिकटतात! त्यांनी दारापाठीमागे अर्धा तास एकच नाडी शोधली होती म्हणे.

ठरलं. माझा गाऊन मी शिवणार. भीक मागायला जायचं नाही त्यांच्या नाड्यांची!

११ मार्च, मंगळवार

कापड – पिवळं सुती, बारीक फुलांचं, गेल्या वर्षी उरलेलं. पुढून एकावर एक येणारे दोन पदर, बाजूला तीन बंद. वरचा सोडला तर छातीपुरतं उघडतं, खालचा सोडला तर खालपुरतं. एका वेळी एकच मुलूख दाखवायचा, सगळं राज्य नाही! बाह्या कोपरापर्यंत. आणि दोन खिसे.

"खिसे कशाला?" आईनं विचारलं.

घाबरल्यावर हात कुठे ठेवायचे मग?

आई कापड हातात घेऊन बराच वेळ चुरगाळत बसली. "मऊ आहे," म्हणाली.

म्हटलं, उरलंय, तुलाही घरात घालायला एक शिवते, ये मापाला उभी राहा. लगेच उठली, आत गेली, आणि मापाचा जुना कपडा आणून टेबलावर टाकला. नेहमीचंच. गिऱ्हाइकं करतात तसं. जन्मात आई माझ्या टेपपुढे उभी राहिलेली नाही. आतले कपडे तर स्वतःच शिवते, हातानं, जाड जाड, दुहेरी. शिंपिणीच्या घरात! आणि वाळत घालते तेही आतल्या खोलीत. कुणी चोरणार आहे का?

१३ मार्च, गुरुवार

गळ्याला कॉलर लावली. बरी नाही दिसली. उसवली. गोल गळा केला. उसवला. पुन्हा कॉलर.

बटणवाली दारात उभी राहून म्हणाली, "तपासायला जातेयस की लग्नाला?" मी म्हटलं, काम नीट व्हायला नको? ती म्हणाली, "लांबवतेयस तू. गाऊन झाला नाही म्हणून जायचं नाही, असं करणार आहेस. ओळखते मी तुला."

तिच्यावर रागावले. बरोबर होती म्हणून जास्तच.

१४ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात फोन केला. रद्द करायला. म्हटलं तोंडात टाचण्या नसताना तरी नीट बोलू.

खिडकीतल्या बाईनं विचारलं, "कारण काय लिहू?"

तोंडातून निघून गेलं, "कपडा तयार नाही."

मग ती म्हणाली, "बाई, आमच्याकडे कपड्यावाचूनच काम असतं."

मला असं हसू फुटलं की बोलताच येईना. तिलाही. दोघी फोनवर नुसत्या खिदळतोय. शेवटी ती म्हणाली, "या हो. मी आहे खिडकीत." आणि फोन ठेवला.

रद्द करायचं राहूनच गेलं!

१६ मार्च, रविवार

आज आईला पोटातल्या कठीण गोष्टीबद्दल सांगितलं. ठरवलं नव्हतं. दोघी गाऊनला बंद लावत होतो, एका टोकाला ती, एका टोकाला मी, आणि मी कापडाकडे बघत बोलून टाकलं.

या वेळी सुई थांबली.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष! आणि गप्प बसलीस?"

मला वाटलं आता सव्वा लाखाची मूठ येणार. नाही आली. आई म्हणाली, "गप्प बसलं की सवय होते बाई. मग सवयीलाच आपण बरं म्हणायला लागतो." आणि पुन्हा सुई उचलत, "जा तू. रद्दबिद्द करू नकोस." तिला कसं कळलं फोनचं? भिंती पातळ आहेत घराच्या.

आई असं कधी बोलत नाही. मला रडू आलं, तिला दिसू नये म्हणून मशीनवर जाऊन रिकामीच टीप मारत बसले. तिनं तिन्ही बंद दुहेरी दोऱ्यानं पक्के केले. ओढून ओढून पाहिले. हत्ती बांधला तरी तुटणार नाहीत.

म्हटलं, चल ना माझ्यासोबत परवा. "छे! मला एवढा वेळ कुठे बसवतं बाकावर." बसमध्ये नाही, बाकावर नाही, भावाच्या नव्या घरी अजून गेली नाही – दोन तासांचा रस्ता म्हणून. आईला फक्त तिचं स्टूल आणि तिची उशी. राणीचं सिंहासन!

१७ मार्च, सोमवार

पिशवी भरली. गाऊन. तारखांचा कागद. ऑर्डरबुकसुद्धा, पुरावा म्हणून. मोजे, कारण बटणवाली म्हणते पाय गार पडतात. प्रश्नांची यादी – चार प्रश्न. चौथा आहे, 'वाईट आहे का?' तो पहिला लिहिला होता, मग खोडून शेवटी घेतला.

दाढ काढून घ्यायला जाताना इतकी तयारी केली नव्हती. आईनं संध्याकाळी सूप केलं. मी दोन वाट्या प्यायले. भीती वाटतेय आणि भूकही लागतेय, हे कसं काय जमतं?

१८ मार्च, मंगळवार

आले! आले, आले, आले!

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर सांडेल.

खिडकीतली बाई मला बघूनच म्हणाली, "कपडा झाला वाटतं." मी पिशवी उंच करून दाखवली. बाकावर सहा जणी. निम्म्या पोटुशा, एक शाळेतली पोरगी आईबरोबर, एक पासष्टीच्या आसपासची, एकटी, मासिक उलटं धरून वाचणारी. मी तिच्या शेजारी बसले. तिनं विचारलं, "पहिल्यांदा?" म्हटलं हो. "मीही," म्हणाली. मग दोघींनी मिळून मासिक सुलटं केलं.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. चष्मा केसांत खोचलेला आणि टेबलावर चष्मा शोधतायत – तिथेच माझी निम्मी भीती गेली. तारखा विचारल्या. मी कागद दिला, वर ऑर्डरबुक उघडून उशिरांच्या झुंडी दाखवल्या. पाच मिनिटं त्या वही चाळत होत्या. म्हणाल्या, "इतका नीट हिशेब डॉक्टरसुद्धा ठेवत नाहीत. हा 'उशीर – अस्तर संपलं' कोणता?" म्हटलं, तो खरंच अस्तराचा.

मग एक प्रश्न विचारला. पुरुषाबद्दल. मी उत्तर दिलं. इथे लिहायचं नव्हतं, पण आज धीर आलाय – हो. बारा वर्षांपूर्वी. तो चांगला होता, फक्त दुसऱ्या गावचा होता आणि तिकडेच राहिला. डॉक्टरबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न. इतकी वर्षं मी त्या उत्तराला घाबरत होते! त्याला कागदावर अर्धी ओळसुद्धा लागली नाही.

पडद्यामागे गाऊन घातला. तीन बंद, दोन खिसे. टेबलावर चढले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी सांगेन, मग हात लावेन. नको वाटलं तर नको म्हणायचं, मी थांबेन." असं मीही कधी कुठल्या गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. उद्यापासून म्हणणार आहे.

खालचा बंद सोडायला त्यांनी हात लावला आणि – "आई गं!"

मी ओरडले नाही. त्या ओरडल्या.

टाचणी! बंदाच्या दुमडीत एक टाचणी राहिली होती. माझी! वीस वर्षं शिवतेय, कधी कुणाच्या कपड्यात टाचणी ठेवली नाही, आणि ठेवली ती नेमकी इथे. त्यांच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या अंगठा धरून हसायलाच लागल्या. "इतक्या वर्षांत पेशंटनं मला टोचलं असं आज पहिल्यांदाच!" नर्सनं त्यांना चिकटपट्टी लावली, त्यांनी हात पुन्हा धुतले, नवे हातमोजे घातले, आणि या गोंधळात मी घाबरायचं विसरले. तपासणी झालीसुद्धा. गार होतं, अवघडल्यासारखं होतं, दोन मिनिटं होती. दाढेपेक्षा कितीतरी सोपं.

मग पोटावर गार जेली लावून मशीनच्या पडद्यावर आतलं बघितलं. करड्या रंगाचा नुसता धूर. त्या धुरात त्यांना दिसल्या – दोन गाठी. गर्भाशयातल्या.

"एक मोसंबीएवढी. एक लहान, बटणाएवढी."

"शर्टाच्या की कोटाच्या?"

"ओव्हरकोटाच्या," म्हणाल्या. न हसता!

मग चौथा प्रश्न. यादी काढावी लागली नाही. त्यांनी माझ्या तोंडावरच वाचला असावा. चष्मा खाली घेतला, नीट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अशा गाठी कितीतरी बायकांना असतात. या वाईट जातीच्या दिसत नाहीत. रक्त मात्र फार कमी झालंय तुमचं, म्हणून अंधारी येते." लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव आटोक्यात ठेवायच्या गोळ्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. कमी नाही झालं तर मग पुढचं. "पुढचं आलं तर बोलू. आज नाही."

निघताना गाऊनची बाही हातात धरून म्हणाल्या, "कुठून घेतला?" मी सांगितलं. म्हणाल्या, "असा असता तर अर्ध्या बायका वेळेवर आल्या असत्या. विशेषतः वयस्कर. आजारापेक्षा या टेबलाची लाज जास्त. वीस-वीस वर्षं घरात बसून सोसतात, आणि इलाज असतो हो, साधा असतो."

रस्त्यावर आले आणि पाव विकत घेतला, उभ्या उभ्या खाल्ला, कागदासकट खाल्ला असता!

बटणवालीनं दुकान सोडून मला मिठी मारली. आईला सगळं सांगितलं – चष्मा, टाचणी, ओव्हरकोट. ती हसली. डोळे पुसले. मग डॉक्टरबाईंचं ते वीस वर्षांचंही सांगितलं, आणि चहा उतू जात नसतानाच ती उठून चहा बघायला गेली.

२० मार्च, गुरुवार

गोळ्या चालू. लोहाच्या गोळ्यांनी काय काय होतं ते लिहिण्यासारखं नाही. बटणवालीला सांगितलं, ती म्हणाली, "अभिनंदन."

आज पडदा ओढल्यावर नवीन गिऱ्हाइकाला म्हटलं, "आधी सांगेन, मग टेप लावेन." ती म्हणाली, "बाई, तुम्ही पोटमाप घेताय की पोट कापताय?"

बदल हळूहळू करावा.

आईचे प्रश्न मात्र सुरूच. ती मासिक उलटं धरणारी म्हातारी – तिचं काय झालं? एकटीच आत गेली होती का? हसत बाहेर आली की रडत? म्हटलं, हसत, बहुतेक. "बहुतेक म्हणजे?" आता मी काय शपथेवर सांगू!

२२ मार्च, शनिवार

गाऊन आईनं स्वतः धुतला. इस्त्रीही तिनंच केली. बंदांची दुमड चारदा चाचपली.

२४ मार्च, सोमवार

गाऊन सापडत नाही! कपाटात नाही, दोरीवर नाही. बटणवालीनं मागितला होता तिच्या बहिणीसाठी, न विचारता नेला असणार. विचारलं तर शपथा घेतेय. मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी बाह्या कमी करून कोट नेला, त्याबरोबर गेला की काय? उद्या विचारते.

२५ मार्च, मंगळवार

गाऊन सापडला. आईच्या अंगावर होता.

दुपारी दुकान बंद करून आत गेले तर आतल्या खोलीत आरशापुढे उभी. मला वाटलं दचकेल. नाही दचकली. म्हणाली, "काखेत घट्ट होतो."

"तुला कशाला हवा?"

दोन्ही हात खिशात घातले तिनं. "खालून अंग बाहेर येतं माझं. उभं राहिलं, वजन उचललं की. बसताना टोचतं."

"कधीपासून?"

"तुझ्या वेळेपासून."

अडतीस वर्षं. ती उशी, तो बाक, दुहेरी कपडे, भावाचं न पाहिलेलं घर. आणि मी राणीचं सिंहासन म्हणून हसत होते.

मला काहीच बोलता येईना, तोंडात एकही टाचणी नसताना. मी सवयीनं मापाचा जुना कपडा घ्यायला वळले. तर आईनं हाक मारली.

"जुना नको. टेप आण." आणि हात वर करून उभी राहिली.

मी आधी सांगितलं, मग टेप लावली. मग दवाखान्यातल्या खिडकीतल्या बाईला फोन केला. ऑर्डरबुकात लिहिलं: आई. गाऊन, पिवळा. मंगळवार, एक तारीख, सकाळी दहाच्या आत. उशीर नाही.